आतली कडी

...नाही, पण मी म्हणतो, आहे काय हो या शहरात? तुम्ही इथले नसाल तर सांगतो आणि इथले असाल तर नुसत्या माना डोलवा. एक नदी आहे, तिच्यात पाणी सोडून सगळं आहे. चौकात एक मोठं घड्याळ आहे, ते माझ्या लग्नाच्या आधीपासून सव्वापाच दाखवतंय. बाग आहे, पण बाकाची मधली फळी गायब, त्यामुळे माणूस त्यात बसतो कमी आणि अडकतो जास्त. बस येते, म्हणजे येते असं ऐकून आहे. आणि अशा या शहरात, तुम्हाला सांगतो, विद्यापीठ उघडलं की पोरापोरींची अशी झुंबड उडते, जसं काही इथे फुकट वाटतायत! वर पत्रा, भिंतीला ओल, खिडकी उघडली की नाकासमोर शेजारच्याची मोरी, आणि असल्या खोलीसाठी ही पोरं घरमालकाच्या पाया पडायला तयार. बरं, मिळाल्यावर रडावं की नाही? नाही! खूश! रस्त्याने हसत, खिदळत, एकमेकांच्या गळ्यात गळे घालून... अहो, पण कशाबद्दल?

आता तुम्ही म्हणाल, तुम्हाला काय करायच्यात नसत्या उठाठेवी? तर करायच्यात, कारण माझा धंदाच तसा. मी किल्लीवाला. विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोर माझी टपरी आहे, टपरी एवढी ऐसपैस की मी आत असलो की कुलपं बाहेर आणि कुलपं आत ठेवली की मी बाहेर. आणि माझं सगळं पोट या पोरांवर. कारण नवीन पोरगं गावात आलं की पहिल्या आठवड्यात दाराबाहेर अडकतं म्हणजे अडकतंच. घरची सवय ना! घरी दार ओढून घेतलं तरी आत आई असते, आजी असते, कोणी ना कोणी असतंच, बेल वाजवली की दार उघडतं. इथे ते पोरगं बेल वाजवत राहतं, वाजवत राहतं, आणि मग कधीतरी त्याच्या डोक्यात प्रकाश पडतो, की आत राहणारा माणूस म्हणजे आपणच, आणि तो तर बाहेर उभा आहे. मग येतं धावत. ‘काका, लॅच लागलं!’ कोणी टॉवेलवर, कोणी एका पायात चप्पल, कोणी हातात दात घासायचा ब्रश. मी उठतो, पिशवी घेतो, जातो.

आता एक गोष्ट तुम्हाला सांगतो, कुठे बोलू नका. ही खोल्यांची लॅचं असतात ना, ती उघडायला मला अर्धं मिनिट लागतं. पण अर्ध्या मिनिटात उघडायचं नसतं! उघडलं की पोरगं म्हणतं, ‘एवढंच? मग यात काय?’ आणि पैसे देताना त्याचं तोंड वाकडं होतं. म्हणून गुडघ्यावर बसायचं, भोकात डोकावायचं, ‘अरे बापरे’ म्हणायचं, एक तार घालायची, काढायची, दुसरी घालायची, मान हलवायची. चांगली दहा-पंधरा मिनिटं लोटली की मग ‘खट्’. तेव्हा पोरगं पायाशी लोळण घेतं. माझ्या गुरूने शिकवलं होतं, दार हाताने उघडतं पण पैसे घामाने मिळतात. तर तेवढा वेळ काय करायचं? गप्पा. आणि मी पडलो असा रडका माणूस, आमची ही म्हणते की तुमच्या तोंडाकडे बघून दूध नासतं, त्यामुळे माझ्या गप्पा सुरू होतात त्याच वाक्याने... आहे काय हो या शहरात?

आधी हे मी आपलं सवयीने विचारायचो. पण गेल्या वर्षी त्यात माझा जीव अडकला, ते आमच्या बबडीमुळे.

बबडी म्हणजे आमची मुलगी. एकुलती एक. आता एकवीस वर्षांची घोडी आहे, पण बबडीच. याच विद्यापीठात शिकली, घरून चालत जायची, दुपारी घरी जेवायला यायची, सगळं कसं छान! आणि एक दिवस जेवताना भाताच्या घासाबरोबर म्हणते, ‘बाबा, पुढचं शिकायला मी दुसऱ्या शहरात जाणार आहे.’ मी म्हटलं, काय आहे तिथे? तर म्हणे, हाच विषय. मी म्हटलं, इथे शिकवत नाहीत? तर म्हणे, शिकवतात. म्हणजे विषय हाच, पुस्तकं हीच, आणि पानं उलटायला एवढा प्रवास करून जायचं! तुम्हाला कळलं का काही? मला नाही कळलं. आमच्या हिला विचारलं तर ही थंडपणे ताक ढवळत म्हणाली, जाऊ दे की. जाऊ दे! जसं काही पोरगी कोपऱ्यावर साखर आणायला चाललीय. तुम्हाला खरं सांगतो, रात्रभर मी छताकडे बघत पडलो होतो, आणि छतावर नुसती बबडी दिसत होती, तीसुद्धा पाठमोरी.

मग सकाळी मला युक्ती सुचली. म्हटलं, एवढी पोरं बाहेरगावहून इथे येतात, खुळ्यासारखी खूश असतात, तर त्यांना काहीतरी दिसत असणार या शहरात. आपण इथेच जन्मलो, आपल्याला दिसत नाही. घरच्या कोंबडीला कोण विचारतो? तर हे विचारायचं प्रत्येक दारात, आणि रोज संध्याकाळी बबडीच्या कानावर घालायचं. एक ना एक दिवस तिला पटेल, की इतकं सोन्यासारखं शहर टाकून कुठे जायचं!

झालं. दुसऱ्याच दिवशी एक दाढीवाला आला. त्याच्या दारापाशी गुडघे टेकले, तार घातली आणि विचारलं, बाबा रे, काय आवडतं तुला इथे? तो खूप विचार करून म्हणाला, ‘काका, इथे दुपारी चार वाजता अंघोळ केली तरी कोणी काही बोलत नाही.’ आता हे मी बबडीला कसं सांगू? पण मी हरलो नाही. जेवताना म्हटलं, बाहेरची मुलं म्हणतात, आपल्याकडे पाण्याची सोय फार चांगली आहे. दिवसभर पाणी. बबडी म्हणाली, ‘हं.’ आमच्या हिने नळाकडे बघितलं, नळातून सूं सूं हवा येत होती.

मग एक मुलगी आली, जाड चष्म्याची, गॅसवर दूध ठेवून बाहेर अडकलेली, म्हणजे त्या दिवशी खरोखर अर्ध्या मिनिटात उघडावं लागलं. दूध गेलं वाया, पण मुलगी आनंदात. तिला विचारलं. तर म्हणाली, ‘काका, इथे मला कोणी ओळखत नाही! परवा पेपर वाईट गेला म्हणून मी फाटकापासून खोलीपर्यंत रडत आले, कोणी विचारलं नाही काय झालं म्हणून. इतकं बरं वाटलं!’ घ्या! रडायला मिळालं म्हणून बरं वाटलं! आमच्या वेळी रडायला काही गाव सोडून जावं लागत नव्हतं, घरीच सोय असायची. तर घरी मी बबडीला म्हटलं, आपल्याकडचे लोक किती सभ्य, फालतू चौकशा म्हणून करत नाहीत. त्यावर बबडीला ठसका लागला. आमची ही तिच्या पाठीवर थोपटत माझ्याकडे अशी बघत होती, की मी पुढचा घास न चावता गिळला.

तिसरा एक उंच. इतका उंच की पोरं त्याला शिडी म्हणायची. हा म्हणाला, ‘काका, मला पूल आवडतो. संध्याकाळी पुलावर जातो आणि नुसता उभा राहतो.’ मी म्हटलं, अरे पण खाली नदीत काय आहे बघायला? तर म्हणाला, ‘बघत नाही हो. नुसता उभा राहतो. घरी मी नुसता उभा दिसलो की आई म्हणते, रिकामाच आहेस तर वरचा डबा काढ.’ मी संध्याकाळी सांगितलं, आपला पूल प्रेक्षणीय आहे, लांबून लांबून लोक बघायला येतात. तेव्हा मात्र बबडीने ताटातून मान वर केली. म्हणाली, ‘बाबा, त्या पुलावर मी एकदा उभी राहिले होते. एकदाच. मी घरी पोचायच्या आधी तुम्हाला तिघांनी येऊन सांगितलं, आणि तुम्ही दारात उभे होतात, पुलावर काय करत होतीस म्हणून.’

आता यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा! अर्ध्या गावाची दारं मी उघडलेली आहेत, लोक ओळखणारच ना माझ्या मुलीला. बापाला काळजी वाटणार नाही? पूल आहे तो! त्याचा कठडा बघितलाय का तुम्ही? ...पण ती रागावून बोलली नव्हती, नुसतं पाणी वाढावं तसं बोलली होती, आणि तेच मला फार लागलं.

तरी माझी खोड जाते का? विचारतच राहिलो. आहे काय रे या शहरात? काय आवडतं गं तुला? आणि जो तो असलंच काहीतरी सांगणार. एक म्हणे, इथे मी तीन दिवस फक्त पाव आणि अंडी खाऊन राहू शकतो. एक म्हणे, इथे मी केस कापले ते घरी अजून माहीतच नाही. एक म्हणे, माझ्या पलंगावर माझाच पसारा असतो, दुसऱ्या कोणाचा नाही. अहो नदीचं नाव कोणी काढेना, बागेचं काढेना, घड्याळाकडे तर कोणाचं लक्षच नाही! मी म्हटलं, ही पोरं या शहरात राहतात तरी का, की नुसती आपल्या घरी राहत नाहीत एवढंच?

आणि मग ती मुलगी आली. लहानखुरी, आवाज इतका बारीक की मला दोनदा विचारावं लागलं काय झालं म्हणून. तिची किल्ली कपड्यांबरोबर धुवायला गेली होती आणि सापडत नव्हती. जिन्याखालची खोली, आत एक खाट आणि एक खुर्ची, उभं राहायला जागा नाही. मी गुडघ्यावर बसलो, अरे बापरे म्हटलं, तार घातली, आणि विचारलं. ती माझ्या तारेकडे बघत होती. मला वाटलं ऐकू आलं नाही. मग म्हणाली, ‘हे दार.’

मी म्हटलं, हे? याला तर वाळवी लागलीय.

ती म्हणाली, ‘आतून कडी लावता येते ना, काका. घरी आम्ही सहा जणं, दोन खोल्या. मला कधी दार लावताच आलं नाही. इथे आले त्या दिवशी सामान ठेवलं, कडी लावली आणि नुसती बसून राहिले. काही केलं नाही. इतकं छान वाटलं की मला घरच्यांची आठवणसुद्धा आली.’

तुम्हाला सांगतो, माझा हात थांबला. ते लॅच मी अर्ध्या मिनिटात उघडतो म्हणालो ना, त्या दिवशी मला खरंच पंधरा मिनिटं लागली. घाम आला तो खरा आला. कारण मला आमचं घर दिसायला लागलं.

आमच्या घरात, तुम्ही हसाल, आतल्या एकाही दाराला कडी नाही. गावातल्या किल्लीवाल्याचं घर, आणि कडी नाही! बबडी तीन वर्षांची असताना न्हाणीघरात गेली आणि आतून कडी लावून बसली. खालची कडी, तिचा हात पोचायचा. लावता आली, काढता येईना, आणि आत जी रडायला लागली... आणि मी बाहेर. मी, जो गावभर दारं उघडत फिरतो, तो! तार घेऊन दारावर भोक शोधत बसलो, आणि कडीला भोकच नसतं हे माझ्या लक्षातच येईना. शेवटी आमच्या हिने स्टूल उचललं आणि दार फोडलं. त्याच दिवशी मी घरातल्या सगळ्या कड्या, सगळी बोल्टं उपटून काढली आणि गोणीत भरली. मग न्हाणीघराचं काय? तर मी नियम केला, आत गेलं की गायचं. गाणं ऐकू येतंय म्हणजे माणूस आत आहे. आमची ही पाढे म्हणते, एकोणतीसचा चालू झाला की समजायचं आता बाहेर येईल. मी शीळ वाजवतो. बबडी लहानपणी गायची, अगदी खणखणीत गायची, घर दणाणून सोडायची. मग बारा-तेरा वर्षांची झाली आणि एक दिवस गाणं बंद झालं, आणि आतून नुसतं यायला लागलं, ‘आहे, आहे, आहे, आहे...’ रडक्या सुरात. आम्ही दोघं हसायचो. मी पाहुण्यांना सांगायचो! आठ वर्षं ती पोरगी आत उभी राहून ‘आहे, आहे’ म्हणत होती आणि मला ते गमतीचं वाटत होतं.

त्या संध्याकाळी मी जेवताना शहराबद्दल काहीही बोललो नाही. आमच्या हिने कपाळाला हात लावून बघितला, ताप आलाय का म्हणून.

दुसऱ्या दिवशी टपरी बंद. घरातलं, म्हणजे दुकानातलं सगळ्यात भारी कुलूप काढलं, पितळी, जड, मी स्वतःसाठी म्हणून कधीचं ठेवलेलं, आणि बबडीच्या खोलीच्या दाराला बसवलं. आतून मूठ, बाहेरून किल्ली. लाकूड कोरून, घासून, तेल घालून, असं बसवलं की दार लावताना आवाज नाही. ती विद्यापीठातून आली, तिला दार दाखवलं आणि तिन्ही किल्ल्या तिच्या हातात ठेवल्या. म्हटलं, तिन्ही तुझ्याकडे. आईकडे नाही, माझ्याकडे नाही. तू लाव, बस, झोप, नाहीतर चार वाजता अंघोळ कर. इथेच राहा फक्त.

तिने किल्ल्या बघितल्या, दार बघितलं, मुठीवरून हात फिरवला. डोळे भरले होते तिचे, खोटं सांगत नाही. मला वाटलं, जिंकलं! आता ही कुठे जात नाही. आणि मग तिने सहज विचारलं, ‘बाबा, हे उघडायला तुम्हाला किती वेळ लागेल?’

आणि मी... मी म्हटलं, ‘हे? अर्धं मिनिट.’

छाती पुढे काढून म्हटलं हो! गिऱ्हाईक सोडून कोणी किती वेळ लागेल विचारलं की किल्लीवाल्याच्या तोंडून दुसरं काही निघतच नाही. आतून आमच्या हिने पातेलं आपटलेलं मला ऐकू आलं. बबडी हसली. रागावली असती तर बरं झालं असतं, पण ती हसली, मला मिठी मारली, आणि आत जाऊन बॅग काढली.

गेली. मी सोडायला गेलो होतो, आणि गाडी सुटेपर्यंत तिला लॅचबद्दलच सांगत होतो, दार ओढायच्या आधी किल्ली हातात आहे का बघ म्हणून. घरी आलो तर तिची खोली बंद. किल्ल्या तिच्याबरोबर, तिन्हीच्या तिन्ही! आठवड्याने आमची ही केरसुणी घेऊन दारात उभी, उघडा, झाडायचंय. मी म्हटलं, किल्ली तिच्याकडे आहे. ही म्हणाली, अहो, तुम्ही किल्लीवाले ना? मी म्हटलं, असेन. पण या दाराचा नाही. तेव्हापासून ही त्या दाराबाहेरचं झाडून घेते आणि आतल्या धुळीचा हिशेब माझ्या नावावर मांडते.

परवा हिने जाड रजई बांधून दिली, म्हणाली, नेऊन द्या तिला, तिकडे थंडी पडलीय. फोन लागला नाही, मी तसाच गेलो. आणि तुम्हाला सांगतो, त्या शहरात तरी आहे काय हो? तिथेही एक नदी, तिच्यातही पाणी नाही. तिथेही पत्रे, तिथेही ओल. विचारत विचारत पोचलो, तिसरा मजला, अरुंद जिना, आणि तिच्या दाराला लॅच. लॅच कसलं हो, फुंकर मारली तरी उघडलं असतं. दाराला कान लावला, आत कोणी नाही. रजई जड, गुडघे दुखतायत, माझ्या खिशात तार. ती कायम असते, झोपतानासुद्धा असते. हात गेला. तुम्हाला कशाला खोटं सांगू, हात गेला खिशात. तार बाहेरही आली. मग मी ती पुन्हा आत ठेवली आणि रजई मांडीवर घेऊन पायरीवर बसलो. आयुष्यात पहिल्यांदा मी कुठल्या तरी दाराबाहेर नुसता बसलो होतो.

जाणारी येणारी पोरं बघत होती. तेवढ्यात शेजारच्या खोलीचा मुलगा आला, दारासमोर उभा राहिला आणि खिसे चाचपायला लागला. आधी शर्टाचा, मग मागचा, मग पुन्हा शर्टाचा. मी ओळखलं. उठलो, त्याला बाजूला केलं, तार घातली, खट्. नाटक नाही, घाम नाही, अर्धं मिनिट. तो पोरगा माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, ‘काका, तुम्ही चोर आहात का?’ मी म्हटलं, ‘नाही रे. बाप आहे.’ आणि पुन्हा जाऊन पायरीवर बसलो.

बबडी आली तेव्हा जिन्यात अंधार व्हायला लागला होता. खांद्याला पिशवी, केस कापलेले, आम्हाला माहीतच नाही. मला बघून धावत आली. ‘बाबा! कधी आलात?’ म्हटलं, हे काय, आत्ताच. पायाला एवढ्या मुंग्या आल्या होत्या की उठता येईना. ती म्हणाली, ‘मग असे बाहेर काय बसलात थंडीत? उघडून आत बसायचं ना!’

मी म्हटलं, ‘किल्ली नव्हती.’

तर ती हसायला लागली. म्हणाली, ‘तुम्हाला कधीपासून किल्ली लागायला लागली?’

...आता तुम्हीच सांगा, मी काय पायरी आवडली म्हणून बसलो होतो?